पडणार हे ठाऊक असून

निवडणुकीचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येतात तेव्हा बहुतेक लोक यादी वरून वाचतात. मी खालून वाचायला लागतो. विजयी उमेदवाराचे नाव, त्याचे मताधिक्य, त्याच्या गळ्यातले हार आणि कपाळावरचा गुलाल हे सारे दोन दिवस चौकाचौकांतून आपल्या अंगावर येतच असते. ते मुद्दाम वाचायची गरज काय? पण यादीच्या तळाशी, बारीक टाइपात, कुणीतरी एक गृहस्थ असतात. नावापुढे 'अपक्ष' आणि त्याच्यापुढे आकडा, १८७. कधी ९४. त्या आकड्यापाशी मी थबकतो. मनात येते, हा मनुष्य आदल्या रात्री झोपला असेल का? किती मते पडतील असे त्याने बायकोला सांगितले असेल? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करायला न्हाव्याकडे गेला असेल, तेव्हा दुकानात बाकावर बसलेली माणसे त्याच्याशी काय बोलली असतील?

२०१३ सालापासून तर या बिचाऱ्याच्या दुर्दशेत आणखी भर पडली आहे. मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असे एक बटण आले. पुष्कळदा या 'कोणीही नाही'ला आमच्या अपक्षापेक्षा अधिक मते पडतात. माणसाने माणसाकडून हरावे, त्यात काही विशेष नाही. पण जो मुळी नाहीच, त्याच्याकडून हरायचे म्हणजे काय!

आपल्या मराठीने निवडणुकीचा सारा खेळ तीन साध्या क्रियापदांत आटोपला आहे. माणूस निवडणुकीला उभा राहतो, बसतो किंवा पडतो. (इंग्रजही उभाच राहतो. अमेरिकन माणूस मात्र निवडणुकीला धावतो; त्या देशात सगळेच घाईत असतात.) यांपैकी 'बसणे' हे क्रियापद सर्वांत अर्थपूर्ण. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेला दुपारी तीनच्या आत जो बसतो, तो बहुधा आपण होऊन बसत नाही. त्याला बसवलेला असतो, आणि बसवण्याचा खर्च कुणीतरी सोसलेला असतो. किंबहुना काहीजण बसवले जाण्यासाठीच उभे राहतात. त्यांना मी या लेखातून आरंभीच वगळतो.

तसेच जे दुसऱ्याला पाडण्यासाठी उभे केले जातात, तेही वगळलेले बरे. २०१४ साली रायगडच्या लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे अनंत गीत्यांकडून २,११० मतांनी पडले. त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना ९,८४९ मते होती! त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या महासमुंद येथे चंदू साहू नावाच्या माणसांची अशीच रांग लागली होती. आईबापांनी बारशाच्या दिवशी ठेवलेल्या नावाचा असा उपयोग होईल, हे त्या माउलींच्या स्वप्नातही आले नसेल.

मला कुतूहल आहे ते यांचे नव्हे. ज्याला कुणी उभे केलेले नाही, ज्याला कुणी बसवू शकत नाही, आणि आपण पडणार हे ज्याला पुरते ठाऊक आहे, तो माणूस तरीही उभा का राहतो, याचे. या कुतूहलाला कारण घरचेच आहे. माझे मामा तीन वेळा विधानसभेला उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले.

मामांचा तालुक्याच्या गावी छोटासा छापखाना होता. एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या चार केसेस, एक कंपोझिटर आणि स्वतः मामा. लग्नपत्रिका, बिलबुके, जत्रेची हँडबिले हा धंदा. गावाच्या पूर्वेला एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात वाळूशिवाय काही नसे, परंतु आषाढ लागला की पलीकडची नऊ-दहा गावे तुटत. पलीकडच्या मुली हायस्कूलला येत त्या जूनपर्यंत. पुढे दिवाळी झाल्यावर पुन्हा त्यांची तोंडे दिसायची, आणि त्यांतल्या निम्म्या परत येतच नसत, कारण तोवर त्यांची लग्ने ठरलेली असत. एका पावसाळ्यात एक अडलेली बाई रात्रभर पलीकडच्या काठावर बैलगाडीत पडून राहिली. तिचे काय झाले ते मामांनी मला कधी पुरते सांगितले नाही. पण १९७८ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक आली तेव्हा मामांनी २५० रुपये भरून अर्ज दाखल केला. त्यांची मागणी एकच होती, ओढ्यावर पूल.

चिन्ह मिळाले शिडी. मामी म्हणाल्या, "बरं झालं. पडायला उंची तरी हवीच की."

प्रचाराला सायकल, पत्र्याचा एक कर्णा आणि मी. मी त्या वेळी पुण्यात कॉलेजात होतो, चार दिवस रजा काढून गेलो होतो. हँडबिले अर्थात घरचीच. कायद्याप्रमाणे प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव लागते, म्हणून तळाशी ओळ असे: मुद्रक, प्रकाशक आणि उमेदवार एकच. खरी गंमत पुढेच आहे. तालुक्यात दुसरा धड छापखाना नसल्यामुळे विरुद्ध बाजूच्या दोन्ही मोठ्या उमेदवारांची पत्रके मामांच्याच यंत्रावर निघत. मामा ती मन लावून छापत. एवढेच नव्हे, तर त्यांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारून देत. एकदा प्रतिस्पर्ध्याच्या पत्रकात 'विकासाची गंगा' असे दोनदा आले, तेव्हा मामांनी एक गंगा काढून टाकली आणि गाळलेल्या ओळीचे पैसे बिलातून कमी केले.

निकाल लागला. मामांना २१२ मते पडली.

अनामत रक्कम जप्त झाली, हे सांगायला नकोच. झालेल्या वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत सरकारजमा होते, असा १९५१ च्या कायद्याचा नियम आहे. तेव्हा लोकसभेला ५०० आणि विधानसभेला २५० रुपये भरावे लागत. मामींनी हिशेब मांडला, एका मताला रुपया आणि वर काही पैसे पडले. "यापेक्षा दोनशे बारा माणसांना घरी बोलावून चहा पाजला असता तर स्वस्तात झालं असतं," त्या म्हणाल्या. मामांनी मात्र दुसराच हिशेब सुरू केला होता. आपल्याला मत दिले असेल अशा माणसांची यादी ते एका वहीत लिहीत होते. नातेवाईक, गिऱ्हाइके, आळीतली माणसे, तालमीतली दोन-चार पोरे. यादी साठाच्या आसपास अडली.

"अरे, साठ झाले," मामा मला म्हणाले. "मग बाकीचे दीडशे कोण? मी त्यांना ओळखत नाही, ते मला ओळखत नाहीत. पण भर फेब्रुवारीत, ओढा कोरडा असताना, त्यांना पूल आठवला. ही माणसं आहेत तरी कोण?"

मला वाटते, तीच मामांची खरी मोहिनी होती. प्रसिद्धीचा हव्यास, चमकायची हौस, डोके फिरणे ही जी कारणे लोक चटकन सांगून मोकळे होतात, ती अगदीच खोटी नव्हेत. पण आपल्यासारखा विचार करणारे दीडशे अनोळखी लोक या तालुक्यात कुठेतरी राहतात, हे कळायला मतपेटीवाचून दुसरे साधन नाही. पंचवीस वर्षे एका गावात राहूनही ते कळत नाही.

अर्थात हौसेखातर पडणारे लोकही जगात आहेत, आणि त्यांची मला गंमत वाटते. बरेलीचे काका जोगिंदरसिंग तीनशेच्यावर निवडणुका लढले आणि हरले. लोक त्यांना 'धरतीपकड' म्हणत. कुस्तीची आवड असलेल्या वाचकाला हे नाव कळेल: जमिनीला असे चिकटायचे की कुणी पाठ लावू म्हणेल तर लागू नये. १९९२ साली ते राष्ट्रपतिपदासाठी उभे होते आणि त्यांना चक्क १,१३५ मते मिळाली. १९९८ साली ते वारले. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन यांचे टायर दुरुस्तीचे दुकान. १९८८ पासून ते दोनशेच्यावर वेळा पडले आहेत, पंतप्रधानांविरुद्धही पडले आहेत, आणि पराभवाचा विक्रम म्हणून त्यांच्या नावाची नोंद आहे. २०११ साली मेट्टूरच्या विधानसभा मतदारसंघात त्यांना ६,२७३ मते मिळाली, तेव्हा हा विक्रमवीर जरा घाबरलाच असेल, असे मला वाटते.

विलायतेत असाच एक अवलिया होऊन गेला. धंद्याने गवई, डोक्यावर उंच हॅट, आणि नाव घेतले होते 'स्क्रीमिंग लॉर्ड सच', म्हणजे किंचाळणारे सरदार. पुढे पक्ष काढला त्याचे नावही वेड्यांचा पक्ष अशा अर्थाचे. हा गृहस्थ १९६३ साली प्रथम पोटनिवडणुकीला उभा राहिला, २०८ मते मिळवली आणि पडला. मरेपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, पडतच राहिला. सगळा देश हसला. परंतु १९६३ सालच्या त्याच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की मतदानाचे वय एकवीसवरून अठरा करावे. १९६९ साली पार्लमेंटने तसा कायदा केला! तो त्याच्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण बाकीचे शहाणे उमेदवार जे बोलायला धजत नव्हते ते विदूषकाने बोलून घेतले होते. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या हेच करतो.

हसण्यावारी नेता येत नाहीत अशी माणसे मात्र मला अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत अधिक भेटली. त्या देशात दोनच पक्षांचे राज्य. मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच पंडिताने १९५१ साली याचे कारण उलगडून दाखवले: जिथे सर्वांत अधिक मतेवाला एकटाच निवडून येतो, तिथे लोक आपले मत वाया जाईल या भीतीने दोन मोठ्यांपैकी एकाकडे वळतात आणि तिसरा सुकत जातो. आपल्या देशाने हा सिद्धान्त बराच धाब्यावर बसवला आहे. अमेरिकेने मात्र तो जणू शिरोधार्य मानला. अशा देशात तिसरा म्हणून उभे राहायचे म्हणजे आधीच लागलेल्या निकालाविरुद्ध उभे राहायचे.

बेल्वा लॉकवुड नावाची एक वकील बाई होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याची परवानगी मिळालेली पहिली स्त्री. १८८४ साली ती अध्यक्षपदासाठी उभी राहिली, १८८८ साली पुन्हा राहिली. त्या वेळी त्या देशातल्या बहुतेक बायकांना मत देण्याचाच हक्क नव्हता. तिने राज्यघटना नीट वाचली. स्त्रीने मत द्यावे असे त्यात कुठे नव्हते, पण स्त्रीने उभे राहू नये असेही कुठे नव्हते. तेव्हा जी स्वतः स्वतःला मत देऊ शकत नव्हती, ती उमेदवार झाली. गावोगावचे पुरुष बायकांचे झगे घालून तिच्या नावाने थट्टेच्या मिरवणुका काढीत. तिला काही हजार मते पडली, म्हणजे काही हजार पुरुषांनी दिली. सबंध देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९२० साली. बाई १९१७ मध्येच वारली होती.

त्याच १९२० सालची दुसरी गोष्ट. युजीन डेब्स हा रेल्वे कामगारांचा पुढारी, समाजवादी पक्षाचा उमेदवार, त्यापूर्वी चार वेळा पडलेला. महायुद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि तो अटलांटाच्या तुरुंगात होता. पक्षाने त्याला तुरुंगातूनच पाचव्यांदा उभा केला. प्रचाराच्या बिल्ल्यावर त्याचे चित्र आणि कैदी क्रमांक ९६५३. दौरा नाही, सभा नाही. मतदारांनी सुमारे नऊ लाख मते दिली. हे नऊ लाख लोक काय वेडे होते? एका कैद्याला राष्ट्राध्यक्ष करता येणार नाही, हे त्यांना कळत नव्हते? मला वाटते, त्या दिवशी त्यांना अध्यक्ष निवडायचाच नव्हता. त्या माणसाला आत टाकले हे आम्हांला मान्य नाही, एवढे सांगायचे होते, आणि सांगायची दुसरी जागा नव्हती. पुढल्या वर्षी नाताळात, निवडून आलेल्या हार्डिंगसाहेबांनी त्याची सुटका केली.

आणि अशा मागण्यांचे पुढे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १८९२ साली अमेरिकेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी एक तिसरा पक्ष उभा केला. उत्पन्नाच्या चढत्या प्रमाणात प्राप्तिकर असावा, सिनेटचे सभासद थेट लोकांनी निवडावेत, असे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. दहा लाखांवर मते मिळाली, पण चार-पाच वर्षांतच पक्षातला जीव गेला. १९१३ साली प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी राज्यघटनेत शिरल्या. दूध कोणत्या घरचे ते सगळे सांगतात, विरजण कुणाकडून आणले होते ते दही लागल्यावर कोण विचारतो?

आपल्याकडे विरजण लावण्याची तऱ्हा जरा निराळी आहे. १९९६ साली आंध्रातल्या नलगोंडा येथे लोकसभेला ४८० उमेदवार उभे राहिले. तिथल्या पाण्यात फ्लोराइड, माणसांची हाडे वाकलेली. ते गाऱ्हाणे दिल्लीच्या कानी जावे म्हणून. त्याच वर्षी बेळगावातून ४५६ उमेदवार उभे होते. सीमाभागातल्या मराठी माणसांनी आपला प्रश्न देशाच्या नजरेस आणण्यासाठी मतपत्रिकाच इतकी लांब करून टाकली की ती न पाहणे कुणाला शक्य होऊ नये. आपण सगळे पडणार, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होते. सरकारनेही धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. अनामत रक्कम वाढवून लोकसभेला १०,००० आणि विधानसभेला ५,००० केली. परिणाम असा, की १९९६ साली देशभर १३,९५२ उमेदवार होते, ते १९९८ साली ४,७५० वर आले. पुढे ही रक्कम २५,००० आणि १०,००० झाली. तरीही २०१९ साली तेलंगणातल्या निजामाबादला हळद पिकवणारे पावणेदोनशेवर शेतकरी लोकसभेला उभे राहिलेच. एकूण उमेदवार १८५. एवढी नावे मावायला एकेका केंद्रावर यंत्रांची ओळच मांडावी लागली. त्यांना हवे होते हळदीसाठी स्वतंत्र मंडळ. ते २०२३ मध्ये जाहीर झाले आणि २०२५ च्या जानेवारीत निजामाबादलाच सुरू झाले. सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे पाहिलेल्या माणसाला या शेतकऱ्यांची चिकाटी वेगळी समजावून सांगायला नको.

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की मी पडणाऱ्यांची आरतीच ओवाळायला बसलो आहे. तसे नाही. तिसरा माणूस नुसता पडत नाही, कधीकधी तो पडताना दुसऱ्याला घेऊन पडतो, आणि ज्याला घेऊन पडतो तो बहुधा त्याचा शत्रू नसतो. दोघांतला त्यातल्या त्यात जवळचा असतो. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट स्वतःच्या जुन्या पक्षावर रुसून तिसरा म्हणून उभा राहिला. मिल्वाकीत त्याच्या छातीत गोळी लागली, तरी गोळीसकट तासावर भाषण करून मगच तो इस्पितळात गेला, असला जबर गडी. पण जुन्या पक्षाची मते दुभंगली आणि विल्सन शेकडा बेचाळीस मतांवर निवडून आला. २००० साली राल्फ नेडर उभा राहिला, ग्राहकांसाठी जन्मभर झगडलेला सचोटीचा माणूस. फ्लोरिडा राज्यात त्याला ९७,४८८ मते पडली, आणि त्या राज्यात बुश गोरवर अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिला. पुढचे सगळे जगाने पाहिले. नेडरला मत देणाऱ्यांनी त्या रात्री काय केले असेल?

मामांच्या बाबतीत ती रात्र १९८० च्या निवडणुकीत आली. मे महिना होता, मला सुट्टी होती. या खेपेला वारे निराळे होते. पलीकडच्या गावांत आम्हांला लोक थांबवून घेत, गूळपाणी देत. मामांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच एक निराळी चमक दिसली आणि, खरे सांगतो, मला ती आवडली नाही. १९७८ चे मामा पुलासाठी उभे होते. हे मामा मते मोजू लागले होते.

मोठ्या दोन उमेदवारांपैकी एक फार भला माणूस होता. खादीतला, कर्जाऊ जीपमधून फिरणारा. त्याचीही पत्रके आमच्याकडेच निघत आणि पैसे नेहमी थकलेले असत. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी तो स्वतः छापखान्यात आला. यंत्राच्या खडखडाटात म्हणाला, "तुमचा पूल मी माझ्या पत्रकात घालतो. आत्ता, तुमच्या हातानंच जुळवा. पण तुम्ही बसा." पैशांची गोष्ट नव्हती, धमकी नव्हती. मामांनी बराच वेळ हातातली स्टिक खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "अहो, मी बसलो तर माझ्यामागचे लोक कुठे बसतील?" उत्तर ऐकायला ठसकेबाज होते. मामींना ते पटले नाही. रात्री ताट वाढताना त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे म्हणता आणि पाडता? ही कुठली रीत?"

मामांना १,१४३ मते पडली. तो भला माणूस सहाशेच्या आतबाहेर मतांनी पडला. निवडून आला तो तिसराच, ज्याच्याविषयी न बोललेले बरे.

आठ दिवसांनी तो हरलेला माणूस पुन्हा छापखान्यात आला. आम्ही दोघे पुढच्या फळीवर कागद मोजत होतो. त्याने खिशातून पैसे काढले, थकलेले बिल मागितले, आणि एकशे ब्याऐंशी रुपये सुट्या पैशांसकट मोजून ठेवले. मामा म्हणाले, "राहू द्या हो." तो म्हणाला, "नाही, हिशेब मोकळा बरा." मामींनी चहा आणला तो त्याने बशीत ओतून शांतपणे घेतला, पावसाची वाट पाहण्याविषयी दोन शब्द बोलला, आणि वहाणा घालून गेला. मते, निकाल, पूल, कशाचेही नाव त्याने काढले नाही. त्याने मामांना शिव्या दिल्या असत्या तर फार बरे झाले असते. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर पुष्कळ दिवस ते मला समजावत राहिले, की ती मते माझी नव्हती, त्यांचीही नव्हती, ज्यांची होती त्यांनी आपल्या मनाने दिली. मी मान हलवीत असे. ते मला समजावत नव्हते, हे आम्हां दोघांनाही कळत होते.

निवडून आलेला मनुष्य मात्र हिशेबाला पक्का होता. पलीकडची गावे आपल्याला उद्या जड जातील, हे त्या अकराशे मतांनी त्याला शिकवले. रोजगार हमीतून ओढ्यावर काम निघाले आणि १९८४ च्या उन्हाळ्यात फरशीचा पूल झाला. समारंभाची निमंत्रणपत्रिका अर्थातच मामांच्या यंत्रावर छापली गेली. तीत प्रमुख पाहुण्यांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे होती. मामांचे नव्हते. त्यांनी तिचेही ऱ्हस्वदीर्घ तपासले, पाचशे प्रती छापल्या आणि बिल केले. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा मात्र ते सकाळी सकाळी सायकल काढून ओढ्यावर जाऊन बसत, दप्तरे डोक्यावर धरून पूल ओलांडणाऱ्या मुली पाहत.

आता पूल झाला होता. तरीही १९८५ साली मामा तिसऱ्यांदा उभे राहिले. या वेळी मागणी होती रात्रीच्या मुक्कामाच्या एसटीची, आणि ती त्यांना स्वतःलाही फारशी निकडीची वाटत नसावी. मी विचारले तेव्हा म्हणाले, "लोक विचारतात रे, यंदा नाही का उभे राहणार म्हणून." पहिल्या खेपेला ते ओढ्यासाठी उभे होते, दुसऱ्या खेपेला आशेसाठी, आणि तिसऱ्या खेपेला बहुधा लोक विचारतात म्हणून. एकाच माणसाच्या पोटात हे सगळे असते आणि त्याचे त्यालाही ते निवडून बाजूला करता येत नाही. त्या १,१४३ मधली साडेसातशे माणसे पूल ओलांडून निघून गेली, ३९० उरली. मामा आनंदात होते. पूल झाल्यावरही ३९०, म्हणजे ही माणसे पुलाची नव्हेत, माझी, असे त्यांचे म्हणणे.

१९८८ च्या उन्हाळ्यात मामा गेले. छापखाना विकला गेला, यंत्र भंगारात गेले. त्यानंतर चार-पाच वर्षांनी दिवाळीला मी मामींकडे गेलो असताना माळ्यावरच्या ट्रंकेत ती वही मला सापडली. १९७८ ची यादी तशीच होती. क्रमांक घालून, सुवाच्य अक्षरात, एकसष्ट नावे. पहिले नाव स्वतः मामांचे. दुसरे मामींचे होते; पण त्याला क्रमांक नव्हता, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेले होते.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मामी चकल्या तळत होत्या. पानावर बोट ठेवून मी त्यांना विचारले, "मामी, खरं सांगा. दिलं होतं का?"

त्यांनी वहीकडे पाहिले, पदराने कपाळ पुसले आणि झाऱ्याने चकली उलटत म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं म्हणतात ना? सर जरा, तेल उडेल."